बगळा-वळण

प्रिय चिंगे,

टक… टक… टक. वर्गावर मास्तर नसताना कंटाळलेलं पोर शिसपेन्सिल बाकावर आपटतं ना, अगदी तसा विमानात हेडफोनमधून येणारा तो आवाज होता. मग ती टकटक घाईला येई, आणि शेवटी तिची एकच लांब किर्र रेघ होई, कानाच्या आतून ब्लेड फिरवल्यासारखी. सावकाश टकटक म्हणजे खालचं रडार नुसतं चाचपडतंय. घाईची टकटक म्हणजे आपण त्याला सापडलो. आणि रेघ म्हणजे क्षेपणास्त्र सुटलं, आता जे काय करायचं ते करा. एक्केचाळीस वर्षं झाली या गोष्टीला. पण परवा आपल्या कपडे धुवायच्या मशीननं काम संपल्याची लांब शिट्टी दिली आणि मी खुर्चीचा हात असा धरला की बोटं पांढरी पडली. तुझी आई दारातून म्हणाली, "अहो, कपडे झाले एवढंच म्हणतंय ते. उठा, वाळत घाला."

मी उठलो, कपडे वाळत घातले आणि पुन्हा या टेबलाशी येऊन बसलो. तुझ्या पुस्तकासाठी तू मागितलेली प्रस्तावना अजून झालेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुझा फोन आला की तू म्हणतेस, "बाबा, चारच वाक्यं हो! जुन्या वैमानिकाच्या शुभेच्छा, एवढंच. छापखाना थांबलाय." चारच वाक्यं! अगं, चाळीस लिहिली, फाडली. पुन्हा चाळीस लिहिली, तीही फाडली. पहिला कागद मी 'निळ्या नभाच्या अथांग प्रांगणात' असा सुरू केला होता. तुझ्या आईनं तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "हे तुम्ही आठवीत असताना लिहिलंय का?" दुसऱ्या कागदावर शाईचा ठिपका पडला. तिसरा बरा जमला होता, पण तो वाचून माझंच मला इतकं खोटं वाटलं की चुरगळून टोपलीत टाकला. सात दिवस हाच उद्योग चाललाय. आता तुझ्या आईनं कचऱ्याची टोपलीच उचलून टेबलाशेजारी आणून ठेवली आहे. "तेवढीच चालायची मेहनत वाचेल," म्हणाली. डोकं उठलंय माझं. स्वतःवर इतका चिडलोय की समोरच्या भिंतीशी भांडेन.

म्हणून प्रस्तावना बाजूला ठेवली आणि तुला पत्र लिहायला घेतलं. तुला 'चिंगे' म्हणतोय त्याचा राग मानू नकोस. तिकडे नव्या वैमानिकांच्या वर्गात शिरलीस की तीस पोरं खाडकन उभी राहतात, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. इथे मात्र तू दोरीवरच्या उड्या मारणारी चिंगीच. आठवतं ना, तुला उड्या मोजायला मी आकडे शिकवलेच नाहीत? 'यमाता यमाता यमाता यमाता' म्हणायचं आणि एका ओळीला चार उड्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, पोरगी संध्याकाळच्या वेळी यमाला काय बोलावते! त्यांना काय सांगायचं, की हा भुजंगप्रयात आहे, वृत्त आहे, आणि मराठीच्या मास्तरांनी आमच्या हाडांत भरलाय. मास्तर फळा पुसायचं डस्टर टेबलावर आपटत ताल धरायचे, खडूची धूळ उडायची, आणि चाळीस पोरं डोलत डोलत एका सुरात कविता म्हणायची. अर्थ नंतर कळायचा, कधीकधी कळायचाही नाही, पण ताल कधी चुकला नाही. पुढे विमानात बसलो तेव्हा घड्याळाकडे बघायला सवड नसायची. मी ओळींवर वेळ मोजायला लागलो. भुजंगप्रयाताची एक ओळ न घाई करता म्हटली की बरोबर तीन सेकंद. या असल्या गोष्टी तुझ्या पुस्तकात नाहीत. असूही नयेत म्हणा.

त्या दिवशी तू मला तुझ्या वर्गात बसवलंस. पहिल्या बाकावर, खुर्चीला उशी लावून. मला खरंच अभिमान वाटला, हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की नव्हता वाटला. तू दोन काड्यांवर दोन छोटी विमानं लावली होतीस आणि खडूच्या एका तुकड्याला क्षेपणास्त्र केलं होतंस. किती सोपं करून सांगितलंस! म्हणालीस, घाबरायचं असेल तर आधी काचेकडे बघा आणि मग घाबरा. वर येणारं क्षेपणास्त्र काचेवरून सरकताना दिसलं तर ते दुसऱ्या कुणाचं आहे. काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखं चिकटून राहिलं आणि नुसतं मोठं होत गेलं, तर ते तुमचं. मग नाक खाली, वेग वाढवा, त्याला आपल्या बगलेला घ्या, चंदेरी पट्ट्यांचा भुगा सोडा. कधी त्या चकाकीला भुलतं, कधी नाही भुलत. नाही भुललं तर थांबा. हे 'थांबा' तू फळ्यावर केवढं मोठं लिहिलंस! ते वेगानं आलेलं असतं आणि त्याचे पंख इवलेसे, त्यामुळे त्याला पटकन वळता येत नाही. ते अगदी अंगावर आलं की, शेवटच्या दोन सेकंदांत, सगळा जोर लावून विमान त्याच्याच दिशेनं वर ओढायचं. ते निघून जातं. पण लवकर ओढलंत तर त्याला सावरायला वेळ मिळतो, तुमचा वेग मात्र संपलेला असतो, आणि दुसऱ्यांदा ओढायला अंगात काही उरत नाही.

आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे बगळा झाला, मॅडम!" सगळा वर्ग हसला. तूही हसलीस, अगदी थोडंसं, आणि फळ्यावर लिहिलंस: बगळा-वळण. खाली दोन रेघा मारल्यास. "परीक्षेत येतं हे," म्हणालीस. तास संपल्यावर सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि चिंगे, मीही वाजवल्या. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, पोरांबरोबर फोटो काढले. परत येताना गाडीत मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा तू म्हणालीस, "बाबा, पट्टा लावा." दुसऱ्यांदा तुझा फोन वाजला. तिसऱ्यांदा तू स्वतःच माझ्याकडे वळून विचारलंस, "काय म्हणत होतात?" आणि मी म्हणालो, "काही नाही, पुढे खड्डा आहे." खड्डा नव्हता.

तुझ्या पोरांना वाटत असेल की बगळा-वळण हे नाव विमानाच्या आकारावरून पडलं. नाक वर, मान लांब, तसलं काही. तुला अहवालात लिहिलंय तेवढंच माहीत असणार, कारण मीच तुला कधी पुढचं सांगितलं नाही. बगळा हा माणूस होता. माझा नंबर दोन. म्हणजे मी पुढे आणि तो माझ्या डाव्या हाताला, किंचित मागे, दीड किलोमीटर अंतर ठेवून. सव्वासहा फूट उंच, मान ही एवढी. हेल्मेट घातलं की डोकं काचेला लागायचं, म्हणून कॉकपिटमध्ये सदा मान तिरकी करून बसायचा. पण त्याला बगळा म्हणायचे ते मानेसाठी नव्हे. हा माणूस थांबू शकायचा. आम्ही सगळे घोळक्यानं घड्याळाकडे बघत पाय हलवत बसायचो, आणि हा एका पायावर दुसरा पाय टाकून तासभर हूं की चूं न करता बसलेला. एकदा पैज लागली तेव्हा मेसच्या मागच्या तळ्याकाठी खरंच एका पायावर पाऊण तास उभा राहिला. शेवटी आम्हीच कंटाळून जेवायला गेलो. सरावाच्या वेळी सगळ्यांत उशिरा ओढायचा तो. शिक्षक हेडफोनमध्ये ओरडायचे, "अरे ओढ बाबा, म्हातारा होशील!" आणि हा शांतपणे, "अजून वेळ आहे, सर." अशा माणसाचं नाव घाईला दिलंय आपण. कळतंय का तुला, मी टाळ्या कशाला वाजवल्या असतील?

कवितेचं मात्र त्याला काडीचं अंग नव्हतं. माझ्या यमाता-यमाताची तो यथेच्छ टिंगल करायचा. म्हणायचा, "तुझं क्षेपणास्त्र काय मात्रा मोजत येतं का रे? वृत्त चुकलं तर परत जाईल का ते?" मी एखादी ओळ म्हणायला लागलो की पुढची ओळ तो मुद्दाम भलत्याच चालीत पुरी करायचा. त्याचं लग्न होऊन चौदा महिने झाले होते. लग्नात मी मंगलाष्टकासारखं काहीतरी रचून म्हटलं होतं, तेव्हा मांडवातच त्यानं कोपरानं ढोसून विचारलं होतं, "संपतंय का हे, की मी बसून घेऊ?"

आता कचेरीचं ऐक, म्हणजे माझा वैताग तुला कळेल. तुझ्या वर्गातून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी जुन्या अहवालांच्या विभागाला फोन केला. म्हटलं, एका चौकशीच्या निष्कर्षात चूक आहे, दुरुस्त करायची आहे. तिकडचा कारकून मोठा गोड बोलणारा. "काका, दुरुस्तीचा अर्ज भरा, तीन प्रतींत." भरला. त्यात एक रकाना होता, 'नवीन पुरावा'. मी लिहिलं: 'मी स्वतः.' आठ दिवसांनी अर्ज परत. वर शेरा: 'नमूद केलेला पुरावा सोबत जोडलेला दिसत नाही.' आता मी स्वतःला टाचणीनं जोडू का? पुन्हा फोन केला. म्हणे, साक्षीदाराची सही लागेल. म्हटलं, साक्षीदार दोनच होते, त्यातला एक गेला. म्हणे, मग दुसऱ्याची आणा. म्हटलं, दुसरा मीच! तर म्हणे, "काका, अर्जदार आणि साक्षीदार एकच व्यक्ती चालत नाही." तिसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. तेवढाच काय तो पुरावा, की कुणीतरी तो हातात घेतला होता.

आता त्या दिवसाचं. नदीवरच्या एका पुलाचे फोटो काढायचे होते, बस. सकाळची वेळ, ऊन स्वच्छ, खाली शेतांचे चौकोन असे सारखे की भूगोलाच्या वहीतले वाटावेत. मी मनात म्हणालो सुद्धा, की यावर कुणीतरी कविता लिहायला हवी. तेवढ्यात टकटक सुरू झाली, बघता बघता घाईला आली, आणि रेघ. डावीकडे खालून धुराचे दोन दोरे वर आले, एक आधी आणि दुसरा पाच-सहा सेकंदांनी. मी डाव्या अंगठ्यानं थ्रॉटलवरचं, म्हणजे वेगाच्या दांड्यावरचं, रेडिओचं बटण दाबलं आणि जसं बोलायला हवं तस्संच बोललो. आपल्याकडे पद्धत आहे, तूही शिकवतेस: आधी कुणाला ते सांगायचं, मग काय ते. "दोन, डावीकडे खाली, दोन सुटलीत, नाक खाली." चोख. इथवर माझं काही चुकलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. आम्ही दोघांनी नाक खाली घातलं. पहिलं क्षेपणास्त्र माझ्या काचेवर ठिपक्यासारखं चिकटून राहिलं. ते माझं होतं. दुसरं माझ्या काचेवरून हळूहळू मागे सरकत होतं, म्हणजे ते त्याचं. त्याच्याकडे माझ्यापेक्षा सहा सेकंद जास्त होते. माझ्या हिशेबानं दोन ओळी.

मी मोजायला लागलो. मोठ्यानं. मनात मोजायला जमेना, कारण ती रेघ कानात किंचाळत होती. यमाता यमाता यमाता यमाता. एक ओळ. दुसरी. पट्ट्यांचा भुगा सोडला, ते भुललं नाही. तिसरी, चौथी. ताल सुटला नाही. तेव्हा मला मास्तरांचं डस्टर ऐकू येत होतं म्हटलं तर तू हसशील. सहावी ओळ संपली आणि मी स्वतःला ओरडून सांगितलं, "ओढ! आता ओढ!" आणि ओढलं. अंगावर हत्ती बसल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे काळं पडलं, आणि ते माझ्या पोटाखालून असं निघून गेलं की विमान थरथरलं. मी वाचलो. आणि त्या जोरानं थ्रॉटलवरची माझी पकड ढिली पडली, अंगठा उचलला गेला, आणि त्याक्षणी हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला. शांत. तळ्याकाठी उभा असल्यासारखा. "दोन, ओढतोय."

मला आधी कळेचना. म्हटलं, याला कुणी सांगितलं? मग मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

तुला पुढचं सांगायला नको, पण तरी सांगतो, कारण एकदा तरी ते माझ्या अक्षरात असू दे. थ्रॉटल पुढे दाबून धरला होता, त्या नादात बटणही दाबलेलं राहिलं. अठरा सेकंद. माझी मोजणी त्यानं पहिल्या ओळीपासून ऐकली. त्याला वाटलं, नंबर एक दोघांसाठी मोजतोय. नंबर दोननं एकचं ऐकायचं, हेच तर आम्ही त्याच्या डोक्यात भरलं होतं. आणि बटण दाबलेलं असलं की माणूस बहिरा असतो, त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. त्या अठरा सेकंदांत त्यानं मला काही विचारलं असेल, "बटण सोड" म्हणाला असेल, "अजून वेळ आहे" म्हणाला असेल, तर ते मला कधीच कळणार नाही. ज्या तालाची त्यानं जन्मभर टिंगल केली त्याच तालावर विश्वास ठेवून त्यानं विमान ओढलं, दोन ओळी आधी. मी मान वळवून पाहिलं तेव्हा तो वर गेला होता, नाक आभाळाकडे, वेग संपलेला, आणि दुसरं क्षेपणास्त्र अजून लांब होतं. त्याला सावरायला भरपूर वेळ होता. मी काय काय ओरडलो ते आठवत नाही. एकदा ओढलेलं विमान परत खाली घेता येत नाही, एवढं आठवतं.

आम्ही टेकड्यांपलीकडे इतके खाली होतो की तळावर आमचं बोलणं पोचलंच नव्हतं. टेप नाही, काही नाही. चौकशीला तिघे बसले होते, मधल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्याला ओढायचा हुकूम दिला होता का?" मी म्हणालो, "नाही." टंकलेखकानं टाइप केलं. आणि चिंगे, ते अक्षरशः खरं होतं. मी त्याला हुकूम दिला नव्हता, मी स्वतःशी बोललो होतो. एक्केचाळीस वर्षं मी या एका वाक्याच्या आडोशाला उभा आहे. त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. निष्कर्ष निघाला: 'नंबर दोनच्या वैमानिकाने गोंधळून वेळेआधी वळण घेतले.' कागदावर गोंधळून, मेसमध्ये घाबरून. वर्षभरात नव्या पोरांनी त्याचा विनोद केला. कुणी लवकर ओढलं की, "काय रे, बगळा झालास?" एकदा हे माझ्यासमोर झालं आणि मी हसलो. रागावलो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं. त्याच्या घरी जायला निघालो होतो, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्तमानपत्र घेतलं आणि परत फिरलो. नंतर एक पत्र पाठवलं, सरकारी भाषेत, ज्यात एकही शब्द माझा नव्हता.

आणि आता तू पुस्तक काढते आहेस. तुझ्या नावाचं पहिलं. दर वर्षी तीस पोरं ते घोकणार. पान चौऱ्याण्णव, शीर्षक 'बगळा-वळण', खाली त्याचा फोटो येणार म्हणालीस, आणि सुरुवातीला माझ्या शुभेच्छा. माझ्याच मुलीच्या पुस्तकात, माझ्या सहीखाली! हे मला करता येत नाही, चिंगे. चारच काय, एकही वाक्य लिहिता येत नाही. तुझ्यावर रागावलो नाही मी, तू तर अहवालात जे होतं तेच लिहिलंस. छापखान्याला सांग, ते पान काढा. लवकर ओढण्याला हवं ते नाव दे, फक्त त्याचं देऊ नकोस. आणि त्या जागी वेगळा धडा घाल: बोलून झालं की अंगठा उचला, आणि 'ओढ' म्हणायच्या आधी कुणी ओढायचं ते म्हणा. उदाहरण म्हणून माझं नाव, माझा हुद्दा, तारखेसकट. परीक्षेत विचार. पोरं हसली तर हसू दे. तुझे वरिष्ठ पुरावा मागतील तेव्हा हे पत्र जोड. हे तरी टाचणीनं जोडता येईल.

इथवर लिहून मी पाकीट शोधत होतो तेव्हा बेल वाजली. भर दुपारी आपल्याकडे कोण येणार, म्हणून मी उठलो नाही. आईनं दार उघडलं, जरा वेळ बोलणं ऐकू आलं, मग ती आत येऊन म्हणाली, "अहो, एक बाई आल्यात तुम्हाला भेटायला. चिंगीनं पत्ता दिला म्हणतात." बाहेर जाऊन बघतो तर पांढऱ्या केसांची, काठी टेकत आलेली बाई, हातात कागदात गुंडाळलेला फोटो. मी ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "तुम्ही आमच्या लग्नात लांबलचक कविता म्हटली होती." मग शांतपणे बसली, आईनं दिलेलं पाणी घोटभर प्यायली आणि म्हणाली, "तुमच्या मुलीनं पुस्तकासाठी यांचा फोटो मागितलाय. द्यायला माझी हरकत नाही. पण त्याआधी एकच विचारायचं होतं, तुम्ही शेजारी होतात म्हणून. हे घाबरले होते का हो?"

चष्मा आणतो म्हणून मी आत आलो आणि या चार ओळी खरडतोय. चष्मा डोळ्यांवरच आहे, तिनंही पाहिलाय. आता तुला खरं सांगतो हे पत्र का लिहिलं ते. पान काढायला सांगायचं होतं, हे तर आहेच, पण तेवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. लिहिलं ते अशासाठी, की कुणाच्या तोंडाकडे बघून बोलावं लागू नये. पाकीट बंद करायचं, टपालात टाकायचं, तू वाचशील तेव्हा मी तिथे नसेन. एवढी सोय मी करून ठेवली होती आणि बगळ्याची बायको दारात येऊन बसली आहे. तुला हे पोचेल तेव्हा तिला सगळं कळलेलं असेल, तुझ्या आईलाही, कारण ती तिथून हलणार नाही, तिला मी ओळखतो. तुझा नंबर तिसरा लागला म्हणून रुसू नकोस. बाहेरून तुझी आई हाक मारते आहे, अहो सापडला का चष्मा. आलो म्हणतोय.

तुझाच,
बाबा